मुलांसाठी 'स्पोर्ट्स डीएनए टेस्ट' किट: मागवायच्या आधी हे वाचा

पाचपैकी दीड स्टार. त्यातला एक किटच्या पॅकिंगला आणि अर्धा रिपोर्ट सांगितल्या वेळेत आला म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हल्ली अशा बऱ्याच कंपन्या निघाल्यात आणि सगळ्यांचा माल साधारण तोच आहे: मुलाच्या गालाच्या आतून एक काडी फिरवा, आम्हाला पाठवा, त्याच्यात कुठल्या खेळाचं जन्मजात टॅलेंट आहे ते आम्ही सांगतो. आमच्यावाल्यांची टॅगलाइन होती 'चुकीच्या खेळात मेहनत वाया घालवू नका'. ज्याने कोणी लिहिली त्याला आईबाप बरोबर कळलेत.

मागवलं ताईने. भाचा तेरा वर्षांचा आहे, लांब उडी मारतो, म्हणजे खरंतर धावतो पण आणि मधेच उंच उडीच्या गादीवरही जाऊन पडतो, पण स्पर्धेत नाव लांब उडीत देतात. ताईचं म्हणणं असं की पोरगं रोज संध्याकाळ मैदानावर घालवतंय, अभ्यास मागे पडतोय, आणि चार वर्षांनी कळलं की याच्यात मुळात ते नव्हतंच, तर काय करायचं? प्रश्न अगदी रास्त आहे, खेळणाऱ्या मुलाचे आईवडील हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच, तोंडाने नाही तर मनात. वाईट एवढंच की या किटकडे त्याचं उत्तर नाहीये आणि तरी ते देतात, तेही दशांश चिन्हासकट.

वापरायला सोपं आहे, ते मान्य. डब्यात दोन स्वॅब, दोन ट्यूब, बारकोडचे स्टिकर आणि परत पाठवायचं पाकीट. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, दोन्ही गालांच्या आतून घासायचं, काडी खुणेवर मोडून ट्यूबमध्ये टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं. अॅपवर रजिस्टर करताना मात्र सावकाश करा. मुलगा अठराच्या खालचा म्हणून पालकांची संमती मागतात ते ठीक आहे, पण त्याच पानावर 'सँपल आणि डेटा संशोधनासाठी वापरायला परवानगी' या ओळीवर टिक आधीच लावून ठेवलेली असते, ती आपण काढायची. ताईने अर्थातच न वाचता पुढे दाबलं.

आता रिपोर्ट. चाळीसेक पानांची पीडीएफ, चकचकीत, पहिल्याच पानावर गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा. 'पॉवर' लाल पट्ट्यात, 'एंड्युरन्स' हिरव्यात. खाली 'टॉप मॅच': लांब पल्ल्याचं धावणं, सायकलिंग, रोइंग. 'लो मॅच': स्प्रिंट, उड्या, वेटलिफ्टिंग. आणि तिसऱ्या पानावर एक पाय चार्ट, ज्यावर मी सगळ्यात जास्त भडकलो, 'तुमच्या मुलाच्या यशात टॅलेंटचा वाटा ७० टक्के, मेहनतीचा ३०'. भाच्याने ते सगळं मोबाइलवर वरखाली करून बघितलं आणि मला म्हणाला, "मामा, म्हणजे मी उगाच उड्या मारतोय का?"

आधी काट्याचं बघू. तो काटा लाल पट्ट्यात जायचं मुख्य कारण म्हणजे एसीटीएन-३ नावाचा जीन, ज्याला जाहिरातवाले 'स्पीड जीन' म्हणतात. यातून अल्फा-अॅक्टिनिन-३ नावाचं प्रोटीन बनतं आणि ते स्नायूंच्या झटकन आकुंचन पावणाऱ्या, म्हणजे फास्ट-ट्विच धाग्यांमध्ये असतं. काही लोकांत जीनच्या दोन्ही कॉपी (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) बंद असतात (याला एक्सएक्स म्हणतात) आणि त्यांच्यात हे प्रोटीन अजिबात बनत नाही. तो आजार वगैरे नाही, युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण १८ टक्के असे असतात. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथले एलिट खेळाडू तपासले तेव्हा स्प्रिंट आणि पॉवर प्रकारांत एक्सएक्सवाले फक्त ६ टक्के निघाले. शोध खरा आहे, महत्त्वाचाही आहे, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी तसंच दिसलंय. भाचा एक्सएक्स निघाला.

पण यातून काय निघतं ते उलट बाजूने वाचा ना. बंद कॉपीवाले १८ टक्के, म्हणजे बाकी ८२ टक्के लोकांकडे हा 'स्पीड जीन' किमान एका कॉपीत आहे. तुमच्या ऑफिसात जिना चढताना धापा टाकणाऱ्या बहुतेकांकडे आहे. असल्याने कोणी स्प्रिंटर होत नाही, आणि दोन खेळाडूंच्या वेगात जो फरक असतो त्यातला या एका जीनचा वाटा मोजायला गेलं तर दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. आणि नसल्याने? स्पेनचा एक ऑलिंपिकमध्ये उतरलेला लांब उडीवाला एक्सएक्स निघाला होता, त्याची बेस्ट उडी ८.२६ मीटर, २००७ साली संशोधकांनी त्याच्यावर खास पेपर लिहिला. लांब उडीच! नेमकी तीच, जी आमच्या रिपोर्टमध्ये 'लो मॅच' आहे. त्याला लहानपणी कोणी हे किट दिलं असतं तर त्याला सायकल घेऊन दिली असती.

मी सपोर्ट चॅटवर हे विचारलं, की तुमच्या उड्यांच्या स्कोअरमध्ये किती जीन धरलेत आणि ज्यांचा स्कोअर जास्त आला ती मुलं पुढे खरंच जास्त लांब उडी मारतात का हे कोणी तपासलंय का. उत्तर आलं, 'आमचा अल्गोरिदम शेकडो शास्त्रीय पेपरवर आधारित आहे, आणखी काही मदत करू शकतो का?' परत विचारलं, परत तेच आलं, या वेळी शेवटी स्मायली होती. शेकडो पेपर असतीलच हो, पण २०१५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून एक निवेदन काढलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की टॅलेंट शोधायला किंवा ट्रेनिंग ठरवायला लहान मुलांच्या अशा टेस्ट करू नयेत, आजच्या ज्ञानावर त्यांचा काही उपयोग नाही. ते निवेदन त्या शेकडोमध्ये धरलंय का तेही विचारायचं होतं, पण तोवर चॅट बंद झालं.

इथे कोणी म्हणेल की बघा, म्हणजे टॅलेंट-बिलेंट काही नसतं, सगळी मेहनत. नाही हो, तसंही नाहीये. मला उलट या बाजूच्या लोकांचा जास्त राग येतो, कारण ते पोराच्या अपयशाचं खापर पोराच्याच डोक्यावर फोडतात, जिंकला नाहीस म्हणजे कष्ट कमी पडले तुझे. फिनलंडचा स्कीइंगवाला एरो मँटिरांटा घ्या, ऑलिंपिकची सात मेडल, त्यात तीन गोल्ड. त्याच्या घराण्यात एक म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल होता, ज्याने शरीर एरिथ्रोपोएटिन या हार्मोनला जरा जास्तच प्रतिसाद देतं आणि रक्तात लाल पेशी भरमसाट बनतात, म्हणजे ऑक्सिजन वाहायची ताकद बाकीच्यांपेक्षा खूप जास्त. शेजारच्या ट्रॅकवरच्या माणसाने कितीही घाम गाळला तरी ते रक्त त्याला मिळणार नव्हतं. (मजा म्हणजे हा जीन आमच्या चाळीस पानांत कुठेच नाही. जो एक जीन एवढं काही करतो तो इतका दुर्मिळ की विकायच्या कामाचा नाही.)

दहा हजार तास सराव केला की कोणीही पहिल्या दर्जाचा होतो म्हणतात, त्याचं पण तेच. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सनने बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात सगळ्यात चांगल्या गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी दहा हजार तास निघाला. सरासरी! म्हणजे कोणी खूप कमी, कोणी खूप जास्त. त्याचा लोकांनी नियम करून टाकला, आणि तो खेळाला लावला, आणि आता सहा वर्षांच्या पोरांना सकाळ-संध्याकाळ अॅकॅडमीत टाकतात. पुढे २०१६ मध्ये ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी खेळातले असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी साधारण १८ टक्के फरक सरावाच्या तासांवरून समजावता आला, आणि अगदी वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत फक्त १ टक्का. हा १ टक्का दाखवून लोक भांडतात, बघा सरावाने काही होत नाही म्हणून. अरे, त्या पातळीवर सगळ्यांनीच भरपूर सराव केलाय, कमी सराव केलेला तिथपर्यंत पोचतच नाही, मग फरक सरावातून कसा दिसेल?

तर तो ७०-३० चा पाय चार्ट. एकदम फालतू गोष्ट आहे. आनुवंशिकतेचे टक्के हे हजारो माणसांमधल्या फरकाबद्दल असतात, एका माणसाबद्दल नसतात. उंचीतला फरक साधारण ८० टक्के आनुवंशिक असतो असं म्हणतात, याचा अर्थ तुमच्या मुलाची चार फूट उंची जीनमुळे आणि एक फूट जेवणामुळे असा होत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टॅलेंट आणि मेहनत हे दोन वेगळे डबे आहेतच कुठे? नव्वदच्या दशकात अमेरिका आणि कॅनडात हेरिटेज नावाचा एक मोठा अभ्यास झाला, क्लॉड बूशार यांचा. साधारण ४८० माणसं, आईवडील आणि मुलं अशी कुटुंबंच्या कुटुंबं, सगळी आधी व्यायाम न करणारी. सगळ्यांना २० आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम दिला, आठवड्यातून तीनदा, समोर माणूस उभा करून, म्हणजे दांडी नाही, चालूपणा नाही. ऑक्सिजन वापरायची क्षमता, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती सरासरी मिनिटाला ४०० मिलीलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळपास काहीच वाढली नाही आणि काहींची एक लिटरच्याही वर गेली! आणि हा फरक कुटुंबाकुटुंबाने दिसत होता, जवळजवळ निम्मा आनुवंशिक निघाला.

जरा थांबून विचार करा याचा. कष्ट सारखे, फळ वेगळं, आणि फळ किती मिळणार हेच मुळात टॅलेंट. सुरुवातीला कोण पुढे होतं यावरून कोण जास्त वाढणार ते कळत नव्हतं. म्हणजे कष्टाला दाद देणारं शरीर ही जन्मजात गोष्ट, पण ती आहे की नाही हे कष्ट केल्याशिवाय दिसणारच नाही. मग 'चुकीच्या खेळात मेहनत वाया घालवू नका' या वाक्यात काय उरलं? ती मेहनत हीच टेस्ट आहे. तिला वीस आठवडे लागतात, कधी वीस महिने लागतात, आणि ती गालातल्या काडीवर येत नाही.

सचिन-कांबळीचं उदाहरण मुद्दाम देत नाहीये, त्यावर आपल्याकडे प्रत्येकाने आपापला निकाल आधीच लावून ठेवलाय. त्यापेक्षा उंच उडीतली एक जोडी बघा. स्वीडनचा स्टेफान होल्म, उंची फक्त १.८१ मीटर, या खेळात ही उंची म्हणजे बुटकाच. लहानपणापासून फक्त उंच उडी, वर्षानुवर्षं तेच. २००४ ला अथेन्समध्ये ऑलिंपिक गोल्ड, २००५ ला इनडोअरमध्ये २.४० मीटर, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या ५९ सेंटीमीटर वर! आणि दुसरा बहामाचा डोनाल्ड थॉमस, बास्केटबॉलवाला, २००६ च्या सुरुवातीला मित्राशी पैज लावून उंच उडी मारली आणि पहिल्याच दिवशी सात फूट ओलांडले. पुढच्या वर्षी २००७ ला ओसाकाची वर्ल्ड चॅम्पियनशिप, थॉमस २.३५ मारून पहिला, होल्म २.३३ वर चौथा. हवेत पाय सायकल मारल्यासारखे हलवत गेला होता थॉमस, तंत्र म्हणून काही नाही. टाचेवरची अकिलीस टेंडन त्याची खूप लांब आहे म्हणतात, स्प्रिंगचं काम करते. आता टॅलेंटवाले इथेच गोष्ट संपवतात. पण थॉमस नंतर कित्येक वर्षं रीतसर कोचिंग घेऊनही त्या २.३५ च्या फारसा पुढे गेला नाही, आणि ऑलिंपिक गोल्ड होल्मकडे आहे, त्याच्याकडे नाही. कोण बरोबर ठरलं? मला विचाराल तर दोघंही, आणि दोघांपैकी एकालाही गालाच्या काडीने शोधलं नसतं.

टॅलेंट शोधताच येत नाही असंही माझं म्हणणं नाहीये. ब्रिटनमध्ये २००७ साली उंच लोकांना शोधून रोइंग, हँडबॉल अशा खेळांत आणायची मोहीम निघाली. हेलन ग्लोव्हर त्यात आली, मुलींसाठी किमान उंची १.८० मीटर होती आणि ती मोजताना टाचा उचलून उभी राहिली होती, हे तिनेच सांगितलंय. २००८ ला वल्ही हातात घेतली, २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक गोल्ड. पण तिथे काय मोजलं? उंची, ताकद, दम. म्हणजे जीन्सनी आणि आजवरच्या खेळण्याने मिळून जे शरीर बनलंय ते थेट मोजलं, आणि तेही वाढ बहुतेक पूर्ण झालेल्यांचं. मेजपट्टी आणि स्टॉपवॉच हाताशी असताना स्नायूचा अंदाज लाळेवरून कशाला बांधायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तेराव्या वर्षी तर मेजपट्टीही फसवते. कोणाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटते, कोणाला पंधराव्या. ज्याची वाढ आधी झाली तो जिल्ह्यात पहिला येतो आणि सगळे म्हणतात काय टॅलेंट आहे. एकाच वयोगटातला जानेवारीतला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो, कॅनडाच्या आइस हॉकीत वरच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त का दिसतात हे लोकांनी ऐंशीच्या दशकातच दाखवलंय. २०२१ मध्ये आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर खेळाडूंचा डेटा एकत्र केला, त्यात ज्युनियरमध्ये चमकणारे आणि पुढे जागतिक दर्जाला जाणारे यांचे रस्ते चक्क उलटे निघाले: जागतिक दर्जावाले लहानपणी जास्त खेळ खेळलेले, आपल्या मुख्य खेळात उशिरा आलेले आणि सुरुवातीला हळू पुढे सरकलेले. म्हणजे भाचा जे करतोय, थोडं धावणं, थोडी उंच उडी, थोडी लांब उडी, ते ताईला टाइमपास वाटतं पण तसं नाहीये. रिपोर्टने मात्र तेराव्या वर्षीच एक दार बंद करून टाकलं.

रिपोर्ट घेऊन आम्ही त्याच्या सरांकडे गेलो. सरांनी पीडीएफ बघितली, मोबाइल परत दिला आणि भाच्याला म्हणाले, "रनअप घे". तो धावला, फाऊल, म्हणजे उडी घेताना पाय बोर्डच्या (ज्या पट्टीवरून उडी घ्यायची तिच्या) पुढे पडला. परत धावला, परत फाऊल, बोटभर पुढे. सर पिटजवळ वाकून त्याची शेवटची दोन पावलंच बघत होते. टेक-ऑफच्या आधीचं पाऊल जरा लांब पडायला हवं, म्हणजे कंबर थोडी खाली येते, आणि शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन, म्हणजे अंग वर उचललं जातं. हा उलटं करत होता, बोर्ड दिसला की शेवटचं पाऊल ताणून टाकायचा, म्हणून फाऊलही व्हायचा आणि उडीही सपाट जायची. सरांनी रनअपची खूण मागे सरकवली, बोर्डच्या आधी खडूने एक रेघ मारली, आणि बोर्डकडे बघायचं नाही समोर बघायचं म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी उडी काही फार वाढली नाही, खोटं कशाला सांगू, पण दोनतीन उड्यांत पोरगं वर उचललेलं दिसलं, आणि सर ताईला एवढंच बोलले की सांगितलेलं हा लवकर उचलतो, उंची वाढू दे, दोन वर्षांनी बोलू. ताईला हे उत्तर आवडलं नाही कारण त्यात आकडा नव्हता. माझ्या मते चाळीस पानांपेक्षा त्या एका वाक्यात जास्त माहिती होती, "लवकर उचलतो" म्हणजे हेरिटेजवाल्यांनी वीस आठवडे लावून जे मोजलं त्याच जातीची गोष्ट सर रोज डोळ्याने मोजतायत.

बाकी रिपोर्टमध्ये दुखापतीचा धोका, कॅफिन पचतं की नाही, झोप कशी असावी अशी पानं आहेत. वॉर्मअप करा, पुरेसं झोपा, पाणी प्या. वाईट सल्ला नाहीये, पण यासाठी कोणाची लाळ लागत नाही. 'पर्सनल ट्रेनिंग प्लॅन' उघडला तर पुढे वेगळं सबस्क्रिप्शन घ्या म्हणतात, तिथे मी थांबलो.

मोठ्या माणसाने स्वतःच्या हौसेसाठी केली तर माझी हरकत नाही, रविवारी ग्रुपमध्ये चर्चेला विषय होतो. मुलांसाठी नको. आणि केलीच तर तो रिपोर्ट मुलाच्या हातात देऊ नका, कारण काटा लाल आला तर पोरगं खचतं आणि हिरवा आला तर सरावाला दांडी मारायला लागतं, दोन्हीत नुकसान तुमचंच. रिफंड मिळत नाही, सँपल लॅबला पोचलं की विषय संपला. डेटा डिलीट करायचा पर्याय सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'खाली नाही, 'हेल्प'मध्ये अगदी तळाला आहे. ताईच्या अकाउंटवरून मी रिक्वेस्ट टाकलीय, अजून 'इन प्रोसेस' दाखवतंय.